काकांचा आयोवा

बर दुबईत देवळाच्या गल्लीला लागून एक जुनी इमारत होती. तिच्या चौथ्या मजल्यावर मी ज्यांच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून काही वर्षं काढली, त्या गृहस्थांना आमच्यातले सगळे पाठीमागे ‘आयोवा’ म्हणत आणि समोर काका. ते मूळचे मिरजेचे, आमच्याच कंपनीत हेड ड्राफ्ट्समन. अमेरिकेत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, ठेवायची इच्छाही नव्हती. तरी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी कोणाला मिळावी हा त्यांच्या घरचा प्रश्न असल्यासारखे ते त्यावर जेवण सोडून बोलत.

मी पहिल्या दिवशी बॅग खाली ठेवली, तर त्यांनी पाणीसुद्धा न विचारता मला आधी स्वयंपाकघराच्या दाराबाहेरचा फ्रिज दाखवला.

“वरचा कप्पा आयोवा,” काका म्हणाले. “दूध, दही, नैवेद्याचं. कांदा आत येणार नाही. मधला न्यू हॅम्पशायर, तिथे कांदा-लसूण चालेल. खालचा कॅलिफोर्निया. तुझी अंडी तिथे. अंडी आपलं स्टेट सोडणार नाहीत.”

मी हसलो. ते हसले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात त्यांनी जमिनीवर लाल टेप चिकटवली होती. तिच्या पलीकडे चप्पल, चामड्याचा पट्टा आणि मी, तिघांनाही बंदी होती. त्यांचं पूजेचं सोवळं खिडकीतल्या एसीच्या मागच्या गरम हवेवर वाळे, आणि कोणी चुकून त्याला हात लावला की पुन्हा भिजून पुन्हा वाळे.

आयोवाचं प्रकरण मला त्यांच्याकडूनच कळलं. अमेरिकेत खऱ्या निवडणुकीच्या आधी प्रत्येक पक्ष आपला उमेदवार एकेका राज्यात मतं घेऊन ठरवतो. त्याला काका सरसकट प्रायमरी म्हणत. सुरुवात होते आयोवापासून. राज्य लहान, वस्ती शेतकऱ्यांची आणि देवभोळ्या माणसांची. त्यामुळे एरवी रविवारी गोल्फ खेळणारा उमेदवारसुद्धा आयोवात उतरला की थेट चर्चमध्ये सापडतो. काकांनी हे सगळं आपल्या मुलखात बसवून घेतलं होतं. आयोवा म्हणजे सातारा, माणूस भाविक, पण मत कोणाला देणार ते बायकोलाही सांगणार नाही. साउथ कॅरोलिना म्हणजे सदाशिव पेठ. न्यू हॅम्पशायर म्हणजे मुंबई, देव आहे, पण ऑफिस सुटल्यावर.

हे वेड लागलं अबुधाबीच्या पार टोकाला, रुवैसला. तरुणपणी ते तिथल्या रिफायनरीच्या कामावर होते आणि त्यांचा साहेब अमेरिकन होता. तो दारू पीत नसे, शिवी देत नसे आणि कॅन्टीनमध्ये जेवणाआधी डोळे मिटून हात जोडी. समोर बीफ असे. काकांचा निवाडा असा की अन्न चुकीचं, भाव बरोबर. साहेब वाचून झालेली अमेरिकन मासिकं काकांना देई, आणि काका ती संध्याकाळी बंकवर पडून पोथीसारखी वाचत. पुढे साहेब मायदेशी गेला, काका दुबईला आले, घरात केबल आली, आणि चोवीस तास बातम्यांच्या चॅनेलवर त्यांना आपला आयोवा डोळ्यांनी दिसायला लागला.

मला वाटतं, दुसरं कारणही होतं. इथल्या राजकारणावर ब्र काढायचा नाही हे आम्हाला विमानातून उतरायच्या आधीच कळलेलं असे. भारतात मत द्यायचं तर तिकीट काढून जायला हवं. म्हणजे माणसाला मतं भरपूर आणि मत एकही नाही. काकांनी आपली सगळी मतं एका परक्या मुलखात गुंतवली होती. ज्या गावाला जायचं नाही त्या गावची वाट विचारू नये म्हणतात. काकांना त्या गावचे खड्डेसुद्धा पाठ होते.

तिथली रात्र ही आमची सकाळ, त्यामुळे निकाल नाश्त्याच्या वेळी येत. त्या दिवशी ते ‘फॅमिली रीझन’ म्हणून अर्धी रजा टाकत, आंघोळ करून, गंध लावून टीव्हीसमोर बसत. उमेदवार कर किती कमी करणार, सैन्य कुठे पाठवणार, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. तो जेवायला कसा बसतो ते ते बघत. एकदा एक उमेदवार शेतकऱ्याच्या घरी पाहुणा गेला आणि घरधन्याची प्रार्थना संपायच्या आत त्याने बटाट्याला काटा लावला. “गेला हा,” काका म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्याने खरंच माघार घेतली, आणि काकांनी मला जिलबी आणायला पाठवलं.

दुसऱ्या एकाची तीन लग्नं झाली होती आणि तो कुटुंबसंस्थेवर फार तळमळीने बोले. मी म्हटलं, काका, अनुभवी माणूस आहे. ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

या मंडळींची एक गोष्ट मात्र काकांनाही पटत नसे. प्रत्येक जण आधी बाटली रिकामी करी, मग एके दिवशी त्याला देव भेटे, आणि लगेच तो मतं मागायला बाहेर पडे. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, हे आपल्याकडेही आहेच, पण आपल्याकडे त्यावर भाषणं होत नाहीत. काका म्हणत, देव भेटला हे खरं असेलही, पण देव भेटल्यावर माणूस गप्प होतो, हा पत्रकार परिषद घेतो.

एवढा सोवळा माणूस दर ईदला मात्र मीना बाजारातून मिठाईचा मोठा बॉक्स घेऊन शारजाला जात असे. कुठे, कोणाकडे, विचारलं तर म्हणत, इंडस्ट्रियल एरियात एक काम आहे. ईदच्या दिवशी तिथली सगळी गॅरेजं बंद असतात हे मलाही माहीत होतं. पण टेपच्या पलीकडचं विचारायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा होता.

काकू मिरजेला होत्या. आधी पगार फॅमिली व्हिसाला पुरत नव्हता, पुरायला लागला तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळल्या. काका दर वर्षी सुट्टीवर जात, पण गणपतीत कधी सुट्टी मिळाली नाही. एकदा सोवळं वाळत घालता घालता ते सहज बोलल्यासारखं बोलले, “लग्नातला सत्यनारायण सोडला तर आम्ही दोघं जोडीनं पाटावर बसलोच नाही रे. गणपतीत ती तिथे, मी इथे.” सासूबाई गेल्या आणि त्या वर्षी, आयोवाचा निकाल लागून काही महिने झाले असताना, काकूंचा व्हिसा झाला. काकांनी मनाशी ठरवलं की या वर्षी इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला पूजेला आपण दोघं बसायचं.

घरीच बसवा की, मी म्हटलं. काकांना ते चालण्यासारखं नव्हतं. इमारतीच्या खाली शोरम्याचं हॉटेल होतं. दुपारपासून ती उभी सळई फिरायला लागे आणि तिचा वास चार मजले चढून आमच्या घरात मुक्कामाला येई. कोंबडीच्या धुरावर गणपती बसवायचा नाही, असा त्यांचा पक्का निर्णय होता.

मंडळात मात्र पूजेला दर वर्षी शेठ बसत. शेठ म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं मोठं वर्कशॉप असलेले. तेच का बसत? कारण तेच बसत आले होते. काकांनी मीटिंगमध्ये उभं राहून याला घराणेशाही म्हटलं आणि यजमान प्रायमरीने निवडावा असा ठराव मांडला. कोणाला काही कळलं नाही, म्हणून तो एकमताने पास झाला.

नियम काकांनीच केले. यजमान धार्मिक वृत्तीचा हवा. त्याने प्रत्येक गावी जाऊन लोकांपुढे उभं राहावं. मत चिठ्ठीवर नाही, उघड द्यायचं. ज्याला ज्याचा उमेदवार पसंत त्याने त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. ही कोपऱ्याची रीत आयोवात काकांच्या नावडत्या पक्षाची होती, पण लपवून मत देणं त्यांना भित्रेपणाचं वाटे. उमेदवार तीन झाले. शेठ, काका आणि एका बँकेतले पुण्याचे मॅनेजर.

पहिली प्रायमरी अर्थातच रुवैसला. तिथले रत्नागिरी-राजापूरकडचे फिटर, वेल्डर मंडळाची वर्गणी नियमाने देत आणि त्यांना गणपती फोटोत दिसे. एका शुक्रवारी मी काकांना माझ्या जुन्या गाडीतून घेऊन गेलो. कॅम्पच्या मेसमध्ये काकांनी यजमानाच्या शुचितेवर अर्धा तास भाषण केलं. लोकांनी मन लावून ऐकलं. मग राजापूरचा एक फिटर उठला.

“काका, पूजेला कोणी पण बसू दे. आम्हाला न्यायला बस येणार काय?”

काका म्हणाले, बस कबूल करून मत मागणं हा भ्रष्टाचार आहे. त्यावर तो फिटर शांतपणे म्हणाला की मग आम्ही येणार कसे. शेठनी फोनवरूनच एसी बस कबूल केली आणि रुवैस जिंकलं. परतताना मी काकांना समजावलं की आयोवातले शेतकरीही शेवटी मक्याचा भावच विचारतात. ते काचेबाहेर बघत म्हणाले, आयोवा हरलेले पुढे जिंकलेले आहेत.

त्यानंतर मंडळात धर्माची जी लाट आली तशी मी दुबईत पुन्हा पाहिली नाही. शेठ वर्कशॉपमध्ये कपाळभर गंध लावून बसायला लागले, त्यामुळे एक अरब गिऱ्हाईक तब्येतीची चौकशी करून गेलं. मॅनेजरसाहेबांनी मुलांना आरत्या पाठ करायला लावल्या. घरी येणाऱ्या प्रत्येकापुढे मुलं उभी केली जात. मी धाकट्याला विचारलं, बाप्पाला काय आवडतं रे? तो म्हणाला, “व्हॉटेव्हर मम्मी ऑर्डर्स.” शेठनी तर एका बैठकीत डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की आपण पूर्वी फार वाईट मार्गाला होतो, आणि एकदा शारजाच्या राउंडअबाउटवर गाडी घसरली तेव्हा विंडस्क्रीनमध्ये साक्षात गजानन दिसला. बायका हळहळल्या. काका माझ्या कानात म्हणाले, हे माझ्याच टीव्हीवरून उचललंय.

अमेरिकेत एका मंगळवारी बरीच राज्यं एकदम मतं देतात, त्यावरून शेवटची फेरी काकांनी ‘सुपर ट्यूसडे’ म्हणून जाहीर केली आणि शुक्रवारी ठेवली, कारण सुट्टी शुक्रवारची. काकू त्याच आठवड्यात आल्या होत्या. ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी बॅगेतून चांदीचं ताम्हन आणि लग्नातला शालू काढून कपाटात ठेवला. लाल टेपकडे, फ्रिजकडे बघितलं आणि मान डोलावली. मला म्हणाल्या, “कांदाभजी मला फार आवडायची. पण यांचं कडक. म्हणून मी माहेरी गेले तरी कांदा सोडलाय. एकट्यानंच पाळायचं त्यांनी, बरं दिसतं का?”

मीना बाजारातल्या एका टेलरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सगळे जमले. रुवैसची बसही आली होती. एका बाजूला बायका, त्यांत काकू पुढे. काकांनी तिन्ही उमेदवारांसाठी एकच प्रश्न ठेवला होता, आणि तो स्वतःच वाचला. तुम्ही आयुष्यात जाणूनबुजून अभक्ष्य भक्षण केलं आहे का?

शेठ म्हणाले, कधीच नाही. हॉलमधल्या निम्म्या पुरुषांनी त्यांच्याबरोबर शुक्रवारची मटण बिर्याणी खाल्लेली होती. त्या निम्म्यांनीच सगळ्यात मोठ्या टाळ्या वाजवल्या. मॅनेजर म्हणाले, केकमधून अंडं पोटात गेलं असेल, पण नकळत. त्यांनाही टाळ्या पडल्या.

मग काकांची पाळी आली. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. इतक्या वेळा इतक्या उमेदवारांना खोटं बोलताना पकडलेला तो माणूस स्वतःचाच प्रश्न ऐकून उभा होता. नाही म्हटलं असतं तर संपलं होतं. साक्षीदार कोणी नव्हता, आणि समोर बायको शालू नेसायची वाट बघत होती.

“खाल्लंय,” काका म्हणाले. “रुवैसला असताना. कॅम्पवरून साइटला जाताना पिकअप खाऱ्या वाळूत रुतली, इंजिन गेलं. मी आणि एक पठाण ड्रायव्हर. माझा डबा उन्हानं आंबला. त्यानं स्टोव्हवर भात केला, मटण घालून. मला सांगून वाढलं. दुपारी मी नको म्हटलं. त्यानं आग्रह केला नाही, ताटली झाकून बाजूला ठेवली. संध्याकाळी मीच मागितली. आणि पुन्हा वाढ म्हणालो. जीव वाचायला पहिलं ताट पुरलं असतं. दुसरं चांगलं लागलं म्हणून खाल्लं.”

शेठनी घसा साफ करून, आता कोपरे घ्या, म्हटलं. माणसं उठली आणि शेठच्या कोपऱ्यात उभी राहायला जागा उरली नाही. मॅनेजरांचे दोन्ही चिरंजीव देखील तिकडेच गेले. काकांचा कोपरा चपलांच्या रॅकपाशी होता. तिथे मी जाऊन उभा राहिलो. मला त्या क्षणी त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की मी देव मानत नाही हेही विसरलो. मग बायकांच्या बाजूने काकू उठल्या. सगळा हॉल बघत होता. त्या सावकाश चालत आमच्या कोपऱ्यात आल्या आणि काकांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मत त्यांनी दिलं, तोंड दाखवलं नाही.

निकाल आम्ही दोन विरुद्ध बाकी सगळे असा लागला. घरी आल्यावर काकू शालूची घडी पुन्हा बॅगेत ठेवून झोपायला गेल्या.

सकाळी मी अंडी काढायला फ्रिज उघडला, तर वरच्या कप्प्यात, दह्याच्या शेजारी, चांगला टपोरा कांदा बसला होता. तोही चातुर्मासात. मी काकांना हाक मारली. ते आले, त्यांनी कांद्याकडे पाहिलं. काकू मागून आल्या, कांदा घेऊन विळीवर बसल्या.

“माझी सगळी उमेदीची वर्षं कांद्याविना गेली,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही दुसऱ्यांदा वाढून घेतलंत.”

काका उंबऱ्यातच बसले, नेमके लाल टेपवर. म्हणाले, चुकलं माझं. काकूंनी बराच वेळ कांदा चिरला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण कांद्याचं किती आणि बाकीचं किती ते सांगता येणार नाही. भजी तळून झाल्यावर त्यांनी विचारलं, तो पठाण कुठे असतो आता. मग ईदच्या बॉक्सचा उलगडा झाला. खानसाहेब शारजाला एका गॅरेजचा पिकअप चालवत होते, आणि काका दर ईदला त्यांनाच भेटायला जात.

“त्यांना चतुर्थीला जेवायला बोलवा,” काकू म्हणाल्या. “गणपती इथेच बसवायचा.”

काकांनी खालच्या शोरम्याकडे बोट दाखवलं.

“मटण खाल्लेले तुम्ही इतकी वर्षं त्याला चालताय,” काकू म्हणाल्या. “मग त्याला नुसता वास का चालणार नाही?”

अमेरिकेतल्या सगळ्या वादसभा ऐकलेला तो माणूस उठला आणि पाट पुसायला लागला.

चतुर्थीला देवळाच्या गल्लीतून एक वीतभर मूर्ती आली. काकू शालू नेसल्या. एका पाटावर दोघं मावेनात म्हणून दुसऱ्या पाटाच्या जागी माझा ड्रॉइंग बोर्ड घेतला. मंत्र कॅसेटवर होते आणि काका कॅसेटच्या पुढे जात होते. काकूंनी त्यांच्या हाताला हात लावला की ते दर वेळी दचकत. खालून शोरम्याचा वास येत होता आणि धुपाचा वास त्याच्याशी जुळवून घेत होता.

दुपारी खानसाहेब आले, खजुराचा डबा घेऊन. उंच, दाढी पांढरी, दारातच थबकले. काकूंनी त्यांना टेपवरून आत घेतलं आणि जमिनीवर सगळ्यांबरोबर बसवलं. ताट वाढून झालं तरी त्यांनी हात लावला नाही. शेवटच्या माणसाला वाढून होईपर्यंत थांबले, मग दोन्ही तळवे उचलून पुटपुटले आणि पहिला घास घेतला. काका टक लावून बघत होते. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “आयोवा घेणार हा.”

मोदक फिरून आले तेव्हा खानसाहेबांनी ताटावर हात आडवा धरला. ताटात एक मोदक आणि थोडा भात उरला होता. म्हणाले, “बस भाभी, खलास. पेट में जगह नहीं.”

काकू आग्रह करायला वाकल्या, पण काकांनी त्यांना थांबवलं.

“आग्रह करू नको. झाकून ठेव,” ते म्हणाले. “संध्याकाळी स्वतः मागेल.”

खानसाहेबांना मराठी येत नव्हतं, पण ताटलीकडे केलेला हात त्यांना कळला आणि ते मोठ्याने हसले. काकूंनी ते उष्टं ताट उचललं, त्यावर दुसरी ताटली पालथी घातली, फ्रिज उघडला आणि क्षणभर तिन्ही कप्प्यांकडे पाहून वरच्या कप्प्यात, दह्याच्या शेजारी ठेवलं. काकांनी ते पाहिलं.

“दार नीट लाव,” ते म्हणाले. “गार हवा जाते.”